पान एकसष्ट

टूवाचा प्रबंध ठोकला त्या दिवशी मला कळलं, की माझ्या बायकोचं नाव गेलं आहे. ती स्वतः नोव्हेंबरात गेली. हे एप्रिलातलं.

आमच्या विद्यापीठात डॉक्टरेटचा प्रबंध जाहीर परीक्षेच्या तीन आठवडे आधी लाकडी फळीवर खिळ्याने ठोकतात. सगळा विभाग बघायला जमतो. टूवाच्या एका हातात हातोडा, दुसऱ्यात खिळा, म्हणून पुस्तक मी धरलं.

"हेल्गे, बोट सांभाळा हं."

"ठोक तू. आणखी नऊ आहेत."

सगळे हसले. मग कॉफी आली. मी एक प्रत उचलली आणि सगळे करतात तसं आधी आभाराचं पान काढलं. 'निरोगी उंदरांसाठी आणि दालचिनीच्या बनसाठी हेल्गेचे आभार.' उंदीर माझेच. सव्वीस वर्षं मी प्रयोगशाळेचे उंदीर सांभाळतोय. बन मात्र माझी बायको इंगेगेर्ड भाजायची, मी नुसता डबा न्यायचो. त्या पानावर इंगेगेर्ड नव्हती.

पान एकसष्टवर चित्र होतं. काळ्यावर लाल आणि हिरवे धागे. ते चित्र पाच वर्षं आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं. खाली लिहिलं होतं, 'छायाचित्र: लेखिका'.

इंगेगेर्ड त्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. उंदराच्या मेंदूचे केसाहून पातळ काप काढणं हे तिचं काम. मेंदूत खोल हॅबेन्युला नावाचा एक भाग असतो, उंदरात खसखशीच्या दाण्याएवढा. काही नकोसं झालं की तो जागा होतो आणि दोन ठिकाणी निरोप धाडतो, डोपामिनच्या पेशींकडे आणि सेरोटोनिनच्या पेशींकडे. स्टेलान म्हणायचा, एकच पेशी दोन्हीकडे निरोप नेते. स्टेलान म्हणजे विभागप्रमुख, टूवाचा मार्गदर्शक आणि तीस वर्षांचा आमचा मित्र. इंगेगेर्डने त्या दोन ठिकाणांहून धाग्यांवरून उलटे पेशीपर्यंत चढणारे दोन रंग सोडले आणि दोन हिवाळे काप बघत बसली. लाल आणि हिरवा एका पेशीत जवळजवळ कुठेच भेटले नाहीत.

"निरोपे दोन आहेत, हेल्गे," ती जेवताना म्हणाली. "एक सांगतो, आता खुशी पुरे. दुसरा काय सांगतो, ते मला अजून कळलेलं नाही."

"चिमटा काढला की सांगतात?"

"चिमट्याने तर होतंच. पण घंटा वाजवायची आणि कबूल केलेलं साखरपाणी द्यायचं नाही, तरी त्या पेशी तशाच पेटतात."

ते मी पाहिलं होतं. घंटा वाजते, नळी कोरडी राहते. उंदीर दोनदा चाटून बघतो, मग कोपऱ्यात पाठ करून बसतो. दुसऱ्या दिवशी माझ्या हातावरही यायला वेळ लावतो. माझ्या हाताचा काय दोष?

"यावर लेख छापाल, त्यात तुझं नाव येणार ना?" मी विचारलं होतं.

"स्टेलानने शब्द दिलाय."

ती गेल्यावर डिसेंबरात स्टेलान घरी आला. आमच्या स्वयंपाकघरात बसून रडला. मग म्हणाला, "तिच्या वह्या विद्यापीठाच्या असतात, हेल्गे. नियम आहे." नियम खरा होता. मी सात वह्या आणि काचपट्ट्यांच्या सगळ्या पेट्या दिल्या, कागदावर सही केली. त्याने विचारलं, विभागात शोकसभा घेऊ का, भाषणं होतील. मी नको म्हटलं. तिला गाजावाजा आवडायचा नाही.

ठोकल्याच्या दिवशी मी टूवाला खिडकीपाशी नेलं.

"एकसष्टचे काप तू काढलेस?"

तिने कप खाली ठेवला. "पण तुम्हालाच नको होतं ना? स्टेलान म्हणाला, हेल्गेला तिचं नाव कुठेच नकोय. विचारायलाही जाऊ नकोस, त्याला त्रास होतो."

"मी भाषणं नको म्हटलं होतं, टूवा."

ती रडायला लागली. इंगेगेर्डने तिला पाच वर्षं शेजारी बसवून पातं कसं धरायचं ते शिकवलं होतं. मी तिची समजूत घातली नाही.

"आणि 'छायाचित्र: लेखिका', हेही मीच सांगितलं का?"

तिने स्टेलानच्या खोलीकडे पाहिलं.

तसाच स्टेलानच्या खोलीत गेलो. त्याने दार लावून घेतलं.

"हे बघ, लेखात नाव घालायचं तर लेखकाला शेवटचा मसुदा मंजूर करावा लागतो. मेलेल्या माणसाची मंजुरी कुठून आणू?"

"वह्या नेताना माझी सही चालली तुला."

"हेल्गे, ती तंत्रज्ञ होती. उत्तम तंत्रज्ञ. पण कल्पना..."

"तुझी कल्पना होती की पेशी एकच आहे."

"तिची आठवण मलाही येते," तो म्हणाला. त्याचं ते खरं असावं. त्यामुळेच मला तिथे उभं राहवेना.

परीक्षा मेमध्ये झाली. आमच्याकडे शेवटी अध्यक्ष सभागृहाला विचारतो, कुणाला काही विचारायचंय का. कोणीच विचारत नाही, सगळ्यांना जेवायला जायचं असतं. मी लग्नातला कोट घालून मागच्या रांगेत बसलो होतो. मी उठलो.

"पान एकसष्टचे काप कुणी काढले?"

टूवाने स्टेलानकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"इंगेगेर्डने," ती म्हणाली. "काप तिचे, रंग तिचे. पेशी दोन आहेत हेही तिनेच आधी पाहिलं. मी लिहायला हवं होतं."

सभागृहात सत्तरेक माणसं होती. अध्यक्षाने आभार मानले. टूवा उत्तीर्ण झाली. स्टेलानने तिला फुलं दिली.

प्रबंधात टूवाने दुरुस्तीची चिठ्ठी घातली, पण प्रबंध कोण वाचतं? वाचतात तो नियतकालिकात छापलेला लेख, आणि त्यात नाव घालायचं तर नियतकालिकाला स्टेलानच्या सहीचं पत्र लागतं. पत्र टूवाने लिहिलं. मी ते स्वतः त्याच्या टेबलावर ठेवलं. आता सप्टेंबर संपत आला. रोज सकाळी उंदरांकडे जाताना मी त्याच्या दारात थांबून विचारतो, आणि तो म्हणतो, "आज करतो."

सही अजून झालेली नाही.