मतदानाला येणारी लेक

“मतदार यादीतलं नाव हलवलंस? इथलं?”

“हो, बाबा. महिना झाला.”

हातात इस्त्री होती म्हणून बरं, नाहीतर हातांचं काय करावं ते मला कळलं नसतं. पुढ्यात गल्लीतल्या मास्तरांची पँट होती. तिच्यावर इस्त्री जरा जास्तच टेकली, वास सुटला, तशी लेकच ओरडली, “अहो बाबा, जळतंय!” मी इस्त्री उभी केली. थोडक्यात निभावलं.

मतदान दुसऱ्या दिवशी होतं. ती दरवेळी आदल्या दिवशी येते, तशीच आली होती, म्हणून मी आपला सकाळपासून खुशीत. लोक निवडणुकांना शिव्या घालतात. मी हात जोडतो. तिची आई गेली, ही नोकरीला लांबच्या शहरात गेली, आणि मग तिला घरी यायला कारण उरलं ते एवढंच. एरवी सुट्टी मिळत नाही. मिळाली तर मैत्रिणी असतात. पण मताला पोरगी न चुकता हजर. मध्यंतरी सरकार पडलं तेव्हा सगळी गल्ली हळहळत होती आणि मी गुपचूप तिची गादी उन्हात टाकली होती. समोरच्या न्हाव्याने विचारलंच, “तुला कसला एवढा आनंद? मंत्रिपद मिळतंय की काय?”

नाव तिकडे नेते, असं ती आधीही म्हणाली होती. मी म्हणायचो, “नको गं बाई, फार भानगड असते. इथून जातं, तिथे लागत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.” तिला ते पटायचं. निदान मला तसं वाटायचं.

“फोनवरच झालं,” ती म्हणाली. “काही भानगड नसते.”

“बरं.”

“रागावलात?”

“मी कशाला रागावतोय!” रागावलोच होतो. “एका मताचं काय एवढं? इथे दिलं काय नि तिथे दिलं काय.”

“तसं नाही ना, बाबा.” ती टेबलाला टेकून उभी राहिली. “आमच्या भागात सगळी भाड्याने राहणारी पोरं. गेल्या वेळी आम्ही आपापल्या घरी मत द्यायला पळालो. तिथे जो निवडून आला, तो आम्हाला हिंग लावून विचारत नाही. पाणी एक दिवसाआड. रात्रीची बस बंद केली. भेटायला गेलो तर म्हणतो, ‘तुम्ही कुठे माझे मतदार?’ मग आम्ही दारोदार फिरलो, सगळ्यांची नावं लावून घेतली. आता उमेदवार आमच्या जिन्यात येऊन बसतात! आणि आम्ही आमच्याच मजल्यावरची एक मुलगी उभी केलीये. नर्स आहे. इथे तरुण राहिलंय कोण, सांगा?”

गल्लीचे सगळे कपडे माझ्याच हातून जातात. सगळ्या म्हाताऱ्यांच्या ढगळ पँटी, विरलेल्या कॉलरी. या खेपेला उमेदवारसुद्धा कोपऱ्यावरूनच हात हलवून गेला. त्याला कॉलेजच्या मैदानावर पोचायची घाई होती.

“मग आज आलीस कशाला?” मी विचारलं.

“हेच सांगायला. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही ‘बरं’ म्हणून फोन ठेवला असता.” मग ती खाली बघत म्हणाली, “संध्याकाळच्या बसने परत जायचंय.”

दुपारी वाढायला म्हणून तिने फ्रीज उघडला. दोघांना चार दिवस पुरेल एवढा बाजार मी भरून ठेवला होता. तिने भाज्यांच्या पिशव्या एकेक करून पाहिल्या. मग दार लोटून म्हणाली, “बाबा, मी राहते. नाही दिलं एक मत तर काय आकाश कोसळणार आहे?”

मला हेच तर हवं होतं! नुसतं ‘हं’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला, पुन्हा वाजला. पडद्यावर कुणीतरी सारखं विचारत होतं, कधी पोचतेस. तिने फोन उलटा करून ठेवला. माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. ते हसू मला बघवेना.

“वेडी का खुळी?” मी म्हणालो. “त्या पोरीला घोड्यावर बसवलंत आणि ऐन वेळी तूच घरी बसणार? तो मेला पुन्हा विचारील, तुम्ही कुठे माझे मतदार. मुकाट्याने जा. आणि उद्या काय घालणार आहेस ते काढ बाहेर.”

तिने पिशवीतून शर्ट काढला. पार बोळा झाला होता. मी पाणी मारलं. कॉलर, बाह्या, मग पाठ. गिऱ्हाइकाच्या शर्टाला मी एवढा वेळ कधी लावत नाही. त्या दिवशी लावला.

“बाबा, बस चुकेल.”

“नाही चुकत.”

चुकली नाही. तिला बसवून मी घरी आलो आणि उरलेले कपडे तसेच ठेवून पडून राहिलो.

सकाळी मतदान केंद्रावर रांगच नव्हती. बाकावर मास्तर दम खात बसले होते. शाई लावणारी मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची. जांभई आवरत ती म्हणाली, “काका, तुमच्या भागात तरुण मंडळी नाहीतच का हो?”

“आहेत की,” मी म्हणालो. “माझीच लेक आहे. तिकडे रांगेत उभी असेल आता.”

तिला काही कळलं नाही. हसली आपली आणि माझं बोट धरून शाई लावली. मत देऊन निघालो. शाई अजून ओली होती. घरी लोकांचे कपडे पडले होते, कुणाच्या पांढऱ्याला डाग लागायला नको, म्हणून मी तो हात अंगापासून लांब धरून चालत राहिलो.