बेंबीखालची पिशवी

धाकटी लेक सनिया सासरी गेली, त्याच वर्षी मेतवल्लीला शहरातल्या इस्पितळात न्यावं लागलं. लघवीला बसला की कळ सोसेना, भिंत धरायचा.

डॉक्टरनं विचारलं, "मेतवल्लीकाका, लघवीतून रक्त कधीपासून जातं?"

"पोरवयापासून की! नाईलच्या कालव्यात उतरणाऱ्या कुणाचं जात नाही? पहिल्यांदा लाल झाली तेव्हा आईनं गल्लीभर खीर वाटली, पोरगा बाप्या झाला म्हणून."

त्याची बायको शलबिया ओढणीआड हसली. "तीच खीर खाऊन माझ्या बापानं सोयरीक केली."

डॉक्टर हसला नाही. "मावशी, लोणी कशात घुसळता?"

"शेळीच्या कातड्याच्या पिशवीत."

"तसंच समजा. बेंबीखाली, पुढच्या हाडाच्या मागं एक पिशवी असते. मूत्रपिंडांतून येणाऱ्या दोन नळ्या मागून तिला मिळतात, बाहेर जायची वाट खाली एकच. भरली की फुगते, रिती झाली की मिटून बसते. यांच्या पिशवीत कालव्यातल्या किड्यांची अंडी रुतून राहिली. कातडं जून झालंय, आत गाठ आलीय. पिशवी काढावी लागेल."

पिशवी काढली. पोटावर प्लॅस्टिकची लावली. घरी आल्या आल्या मेतवल्लीनं आपली चटई म्हशीच्या गोठ्यात नेली.

"वास येतो माझा."

"म्हशीला येत नाही?"

"म्हैस तोंड वाकडं करत नाही."

"मी कधी केलं, रागेबच्या बापा?"

त्यानं कूस बदलली.

हिवाळा गेला. शलबिया चहा न्यायची, तो दारातच हात पुढं करायचा. झोपेत तिचा हात शेजारची जागा चाचपायचा आणि गार जमिनीवर पडून राहायचा. चिडून ती त्याच्या मागं राहिलेल्या उशीकडं पाठ करून झोपे. सकाळी तोंड पुन्हा उशीकडंच.

एका दुपारी घुसळता घुसळता कातडं शिवणीवर उसवलं. ते नेहमी तोच शिवायचा. तिनं नेऊन त्याच्या मांडीवर टाकलं. त्यानं मेण लावलेला दोरा ओवला, टाके घातले.

"तुझी पिशवी सांधता येते," तो म्हणाला.

ती त्याच्याजवळ भुशावर बसली. प्लॅस्टिकच्या पिशवीशेजारी, बेंबीखाली तळवा टेकला.

"इथंच होती ना?"

"इथंच."

"तिच्यापायी तर मी तुमच्या घरात आले."

त्यानं तिचा हात दाबून धरला. मग म्हणाला, "वास येतोय बघ."

"म्हशीचा."

त्या दिवसापासून शलबियाची चटईही गोठ्यातच पडू लागली.

पुढच्या कापूस वेचणीत, सनियाचं पहिलं मूल अजून पाळण्यात असताना, मेतवल्ली वारला.