'न'च्या खणातलं पालथं कार्ड

मी एक जुनं कार्ड आहे. वाचनालयातल्या पुस्तकांच्या यादीचं, तळहाताएवढं, जाड आणि आता पिवळट पडलेलं. माझ्या तळाशी मधोमध एक गोल भोक आहे. त्यातून लोखंडी सळई जाते आणि मला खणात धरून ठेवते. मित्रांनो, ही हकिगत सांगतानाही ती सळई माझ्यातून गेलेली आहे आणि खण बंद आहे. पण ते शेवटी सांगेन. मला सगळं ओळीनं सांगायची सवय आहे.

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाताना पाली लागते. तिथल्या बाजारपेठेच्या टोकाला आमचं वाचनालय. तिथं 'नारळाच्या बागेची निगा' नावाचं पुस्तक आलं आणि त्याच्यासाठी मला लिहिलं गेलं. नाव, लेखक, क्रमांक, सगळं काळ्या शाईत. मला त्याचा फार अभिमान होता. पण जयगडकडच्या एका गृहस्थांनी ते पुस्तक नेलं आणि आणलंच नाही. दोन वर्षं वाट पाहून माझ्यावर तांबड्या शाईत 'गहाळ' असं लिहिलं, सळई काढली आणि मला एका चपलांच्या खोक्यात टाकलं. पुस्तकच नाही तर कार्ड काय चाटायचंय? बरीच वर्षं मी त्या खोक्यात झुरळांच्या शेजारानं काढली.

मला पुन्हा कामाला लावलं ते प्रभावतीनं. ती आमची ग्रंथपाल. वय पंचविशीचं, अक्षर गोल आणि स्वभाव असा, की टाचणीसुद्धा जागच्या जागी हवी. सन शहाऐंशीच्या मार्चमध्ये तिचा थोरला भाऊ हरिश्चंद्र सुटीवर आला. तो बोटीवर खलाशी. येताना त्यानं एक खोका आणला. कुठल्याशा परक्या बंदरात एका सोबत्यानं त्याला दिलेला. त्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि वीस बाजूंचा एक फासा.

मित्रांनो, असा खेळ मी तरी पाहिला नव्हता. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपण काय करणार ते बोलून सांगायचं आणि जमलं की नाही ते फासा ठरवणार. रविवारी दुपारी वाचनालय बंद झालं की तिघं आत फरशीवर बसत. हरिश्चंद्र गोष्ट सांगे. प्रभावती तलवारबाज झाली. आणि हरिश्चंद्राची बायको राही मांत्रिकीण झाली.

राहीच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्यातले जेमतेम चार महिने नवरा घरी होता. ती फारशी बोलत नसे, पण मांत्रिकीण झाली की तिचा आवाज बदलायचा. अडचण एकच होती. कुठला मंत्र किती लांबवर चालतो, किती वेळ टिकतो, चालू आहे की संपला, हे दर वेळी त्या जाड पुस्तकात शोधावं लागे. शोधता शोधता वाद होत आणि गोष्ट तिथंच अडे. मग प्रभावतीला खोक्यातली रद्द कार्डं आठवली. आमच्या कोऱ्या पाठींवर तिनं एकेक मंत्र मराठीत उतरवला आणि नियम ठरवला. कार्ड उताणं, म्हणजे मंत्राची बाजू वर असेल, तर मंत्र हाताशी आहे. पालथं असेल तर मंत्र चालू आहे. काम झालं की ज्याचा मंत्र त्यानंच कार्ड उताणं करायचं आणि 'मोकळा' म्हणायचं.

माझ्या वाट्याला वाट चुकवण्याचा मंत्र आला. प्रभावतीला त्यासाठी शब्द शोधावा लागला नाही. चकवा लागलेला माणूस सरळ चालतो आणि फिरून त्याच झाडाखाली येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिनं निळ्या शाईत लिहिलं, 'चकवा. एका माणसावर. कार्ड पालथं आहे तोवर. घालणाऱ्याचं मन तिथंच अडकून राहील. त्याला दुसरं काही करता येणार नाही.' शाई वाळेपर्यंत मला उगाच गार वाटत राहिलं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी ते शेवटचं खेळले. बोटीवर हजर होण्याची तारीख आली होती, आठवड्यानं निघायचं होतं. गोष्टीत हरिश्चंद्र स्वतः एक वाटाड्या झाला होता. तिठ्यापर्यंत सोबत करून वाटाड्या म्हणाला की आता तुम्ही पुढं जा, माझी वाट निराळी. तेव्हा राहीनं मला हातात घेतलं.

"वाटाड्याला चकवा," ती म्हणाली.

"अगो, माज्यावर कशाला? मी तर तुमाला वाट दाखवतंय."

"म्हणूनच," असं म्हणून तिनं मला पालथं टाकलं.

फासा वीसवर थांबला, म्हणजे मंत्र पुरता लागला. हरिश्चंद्र हसला आणि त्यानं गोष्टीतल्या वाटाड्याला तीन वेळा त्याच झाडाखाली आणलं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी तार आल्याची हाक मारली. बोट लवकर सुटणार होती, परवाच निघायला हवं होतं. सगळे धडपडत उठले. फासा, पुस्तक, कार्डं भराभर गोळा झाली. मी मात्र कुणाच्या तरी पायाचा धक्का लागून खणांच्या कपाटाखाली सरकलं होतं. पालथंच.

राही शेवटी निघाली. ती वाकली. तिनं मला पाहिलं, हे मी शपथेवर सांगतं. आणि ती मला न उचलता निघून गेली.

पुढचं मी प्रभावतीच्या तोंडून ऐकलं. वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्यांना ती सांगत असे, आधी हसून, मग तिचा आवाज उतरत गेला. हरिश्चंद्र मुंबईच्या एस्टीत बसला, त्याला डुलकी लागली, आणि कंडक्टरनं पाली आली म्हणून उठवलं. खिशात तिकीट मुंबईचंच होतं. दुसऱ्या दिवशी तो आंब्याच्या ट्रकमधून गेला. दुपारी ट्रक वाचनालयासमोर उभा. ड्रायव्हर देवाची आण घेऊन सांगत होता की आपण कुठं वळलोच नाही. तिसऱ्या दिवशी तो गाडीवर विश्वास न ठेवता पायी कातळाच्या सड्यावरून हातखंब्याकडे निघाला. संध्याकाळी परत आला तेव्हा तळपायांची सालं निघालेली होती. दिवसभर एकच चिरेखाण आडवी येत होती म्हणे, आणि खाणीपाशी एकच काजूचं झाड. तो सरळच चालत होता.

बोटीच्या कचेरीनं शेवटची मुदत दिली. त्यानंतर नाव कायमचं काढणार होते. पण त्याहून वाईट गोष्ट घरात चालली होती. प्रभावती म्हणाली, दादा ओटीवर बसून वहिनीला विचारतो, पडवी कुठल्या अंगाला. विहिरीवर जातो आणि कुणीतरी हाताला धरून आणावं लागतं.

राही रोज दुपारी प्रभावतीचा डबा घेऊन यायची आणि कपाटाला टेकून उभी राहायची. तिचंही काही खरं नव्हतं. भात करपायचा, कुणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ द्यायची. तिचं मन माझ्यापाशी होतं. माझ्यावर तसं लिहिलेलंच होतं, पण ते वाचायला तेव्हा कोण बसलं होतं?

सातव्या दिवशी ती एकटी आली. फरशीवर पालथी पडून तिनं हात आत घातला. हात पुरेना, तेव्हा खराट्याचा हीर घेऊन मला ओढलं. माझ्या अंगावर वाळवीची माती चढली होती. तिनं ती पदरानं पुसली आणि मला उताणं केलं.

"मोकळा," ती म्हणाली. "जावा तुमी. मी नाय आता धरून ठेवत."

दुसऱ्या दिवशीची सकाळची गाडी हरिश्चंद्राला घेऊन गेली आणि या वेळी तो परत आला नाही. राहीनं मला कपाटावर उताणं ठेवलं आणि वाऱ्यानं उलटू नये म्हणून वर तो वीस बाजूंचा फासा ठेवला. मला वाटलं, संपलं एकदाचं. मी तिच्यावर रागावलेलं नव्हतं. नवऱ्यानं घरी राहावं असं वाटण्यात वाईट ते काय?

मित्रांनो, त्याच महिन्यात वाचनालयाची तपासणी ठरली. राहून गेलेली पुस्तकं परत करा, असा निरोप गावोगाव गेला आणि जयगडच्या त्या गृहस्थांनी इतक्या वर्षांनी 'नारळाच्या बागेची निगा' आणून दिलं. हरवलेलं पुस्तक आलं म्हटल्यावर यादीत त्याचं कार्ड हवं. प्रभावतीनं इकडेतिकडे पाहिलं आणि तिला मी दिसलं. माझी मंत्राची बाजू तिनं पाहिली. तूर्त हेच लावू, तपासणी झाली की नवं लिहू, असं ती स्वतःशीच पुटपुटली. 'गहाळ' हा शब्द खोडला, फासा खेळाच्या खोक्यात टाकला, मला 'न'च्या खणात घातलं आणि सळई सारली. पुस्तकाची बाजू पुढं. म्हणजे मंत्राची बाजू मागं.

तिच्या दृष्टीनं मी अगदी सुलट होतं. खेळाच्या नियमानं पालथं होतं, म्हणजे तोच चकवा पुन्हा चालू होता.

मला ओरडायचं होतं, पण कार्डाला कंठ नसतो. तपासणी छान पार पडली, खणांची टापटीप पाहून शाबासकी मिळाली. पंधरा दिवसांत प्रभावतीला दापोलीला कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी लागली. नवं कार्ड लिहायचं राहून गेलं. तिच्या जागी आलेल्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नाही.

आता राही दुपारी इथल्या बाकावर बसून पत्रं वाचते. दुपारी वाचनालयात चिटपाखरू नसतं, म्हणून ती मनात न वाचता हलक्या आवाजात वाचते. पहिल्या पत्रात हरिश्चंद्रानं लिहिलं होतं, 'पुढल्या महिन्यात मुंबईस लागतो. काल दीपस्तंभ दिसला.' दुसऱ्या पत्रात बोट पुन्हा माघारी नेली, पण पुढल्या महिन्यात मुंबईस लागतो, काल तोच दीपस्तंभ दिसला. चौथ्या पत्रापासून मजकूर शब्दाला शब्द एकच येतो. सही करताना पडलेला शाईचा थेंबही त्याच जागी असतो, असं ती एकदा मोठ्यानं म्हणाली. आता एकोणनव्वद साल चालू आहे. पत्रं अजून येतात.

पहिल्या वर्षीच तिनं कपाटाचा माथा पाहिला. मी तिथं नव्हतं. तिनं खेळाचा खोका मागून घेतला, कार्डं उलटसुलट केली, कपाटाखाली पुन्हा हीर फिरवला. फक्त खणात पाहिलं नाही. हरवलेली वस्तू तिच्या नेमक्या जागेवर असेल, असं कुणाच्या मनात येणार? प्रभावतीला विचारलं तर एका क्षणात आठवेल. पण वन्संना विचारायचं म्हणजे त्या रविवारी आपण वाकलो होतो, आपण पाहिलं होतं, हे सगळं सांगावं लागणार. तिच्या भावाला आपणच फिरवत ठेवलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पाच वेळा तिनं इथं बसून दापोलीला पत्र लिहायला घेतलं. पाचही वेळा कागद टराटरा फाडल्याचा आवाज मी ऐकला.

मित्रांनो, माझी तक्रार वाळवीची नाही, दमटपणाची नाही आणि या सळईचीही नाही. मला जपा असंही मी म्हणत नाही. चालू केलेली गोष्ट बंद करून उठा, एवढंच सांगतं. आणि चुकून राहिलीच, तर लाज बाजूला ठेवून विचारा. विचारायला एक पोस्टकार्ड पुरतं.

तुमच्यापैकी कुणी पालीला उतरलं, तर त्या वाचनालयात जा. मला तुम्ही उलटवू नका, त्याचा उपयोग नाही, तो तिचाच मंत्र आहे. दुपारी बाकावर एक बाई बसलेली असेल. दुसऱ्या हाकेला ओ देईल, तेव्हा दोनदा हाक मारा. तिला म्हणावं, 'न'चा खण, खालून दुसरा, नारळाच्या पुस्तकाचं कार्ड. ते अजून पालथं आहे, आणि तो अजून चालतो आहे.