धाकट्या गाडीतलं थोरलं इंजिन

मित्रांनो, मी मोटरसायकलचं एक जुनं इंजिन आहे. इतकं जुनं, की माझ्या वेळच्या गाड्यांना आरसेही नसायचे. मागून कोणी येत असेल यावर तेव्हा कोणाचा विश्वासच नव्हता.

कारखान्यातून निघालो तो थेट एका पशुवैद्याकडे नोकरीला लागलो. गाई वेळी-अवेळी अडायच्या, मी मात्र कधी अडलो नाही. डॉक्टर माझी स्तुती बैलांसमोर करायचे. पुढे त्यांनी चारचाकी घेतली, माझी गाडी गंजून गेली आणि मला दवाखान्याचं दार अडवायला ठेवलं. तेही काम मी मन लावून केलं. वादळातसुद्धा दार हललं नाही. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

एकदा मांजराला इंजेक्शन देऊन घ्यायला गावातली एक ताई आली. ती शिवणकाम करते. मला बघून ती मांजर विसरली.

तिच्या घरी बाबांची मोटरसायकल होती. माझ्याच कंपनीची, पण माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटी. तिचं इंजिन आतून फुटलं होतं आणि बाबाही आता नव्हते. गाडी बैठकीच्या खोलीत उभी असायची आणि आई तिच्या हँडलवर टॉवेल वाळत घालायची.

मला घरात आणलेलं पाहून आई म्हणाली, "आधी एक होतं, आता दोन झाली."

"हे बाबांच्या गाडीत बसवणार आहे," ताई म्हणाली.

"रविवारी ती पाण्याच्या टाकीपर्यंत चढ चढली तर राहू दे. नाहीतर भंगारवाल्याला बोलावलंय."

"अगं, बाबांची शेवटची वस्तू आहे ती."

"बाबांची शेवटची वस्तू तू आहेस. तुला नाही देत मी भंगारात."

मी ठरवलं, चढायचंच.

पण अकरा वर्षांत माणसं बदलतात, तसे बोल्टही बदलतात. माझी भोकं एकीकडे, गाडीची दुसरीकडे. मध्ये जोडायला लोखंडी पट्ट्या हव्या होत्या. ताईने ब्लाउजचा बेततात तसा पट्टीचा कागद बेतला आणि शेजारच्या टर्नरकाकांना दिला. काकांनी त्यावरून पट्ट्या कापल्या. गाडीकडची भोकं गाडीला लावून पाडली, माझ्याकडची कागदाच्या काठापासून मोजून. पुढचा बोल्ट जाईना, त्याला हातोडीने समजावलं. साखळी तारेसारखी ताणली गेली. "नवीन आहे, सैलावेल," काका म्हणाले.

रविवारी भंगारवाला हातगाडी घेऊन वेळेआधीच हजर. ताईने किक मारली. मी बोललो. दारात आई हातातला टॉवेल धरून उभी राहिली. निम्मा चढ चढलो आणि साखळी तुटली. आम्ही उलटे घरंगळत थेट हातगाडीपाशी येऊन थांबलो.

"एवढी घाई नव्हती," भंगारवाला म्हणाला.

ताईने वाकून पट्टी बघितली. "काका, इंजिन अर्धं बोट पुढे बसलंय. माप कुठून धरलंत?"

"कागदाच्या काठापासून. तूच दिलास ना कागद?"

"त्यात शिलाईची माया होती, काठाला अर्धं बोट जास्त."

काकांनी कागद पुन्हा उलगडून बघितला. "लोखंडाला शिलाई?"

"हात सवयीने गेला."

"काज-बटणं लावली नाहीस, हे उपकारच."

काकांनी त्याच पट्ट्यांवर अर्धं बोट मागे नवी भोकं पाडली. बोल्ट हातानेच आत गेला. साखळी मात्र उरली नव्हती. तेव्हा भंगारवाल्याने स्वतःच्या हातगाडीतून एक धड साखळी उपसून काढली.

आई म्हणाली, "अहो, तुम्ही न्यायला आलात की द्यायला?"

"वहिनी, अर्ध्यावरून परत आलेली गाडी न्यायला बरं वाटत नाही. पूर्ण हरली तर नेतो."

ताईने पुन्हा किक मारली. निम्म्या चढावर मला दम लागला. मागे धाकट्या गाडीचं वजन, खाली हातगाडी. मी एकेक ठोका मोजून टाकला, ताई पुढे झुकली, आणि टाकी आली. वर कोणीच नव्हतं, फक्त एक कुत्रा. त्याने जागा बदलली, एवढाच सत्कार.

खाली आलो तेव्हा आईने बाबांचं फुटकं इंजिन स्वतः भंगारवाल्याला उचलून दिलं होतं आणि ती बैठकीची खोली झाडत होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र कोपऱ्यात उभं असेल. त्याची आठवण काढून हळहळू नका. हळहळ आमच्या कुठल्याच नळीतून आत जात नाही. तेल बदला, बोल्ट आवळा आणि आम्हाला चढावर न्या. पुढचं आम्ही बघून घेतो.