रिंगण लहान, पण माझं

मी साल बोलतेय. क्वाचालालाते नावाच्या झाडाची साल. मला गरीब बिचारी समजू नका. कोरड्या डोंगरावर दगडांशी भांडत वाढलेल्या झाडाची मी कातडी आहे. पाण्यात उकळलं की मी लालबुंद होते, तशी आत्ताही झालेय.

कुआउत्ला गावच्या बाजारात क्रेसेन्सियाबाई, तिथल्या बोलीत दोन्या क्रेसेन्सिया, मला विकते. "घ्या हो घ्या! जखम, पोट, मूत्रपिंड, सासूचा राग, सगळ्यावर एकच साल!" असं ती ओरडायची. सासूच्या रागाचं मला ठाऊक नाही, पण जखमा मी पिढ्यान्‌पिढ्या धुतल्यात.

तिची मुलगी नेरेइदा विद्यापीठात जंतूंचा अभ्यास करते. प्रबंधासाठी तिनं मलाच निवडलं, तेव्हा तिचे ओल्मेदो सर हसले. "काय गं, आईच्या दुकानाची जाहिरात करायचीय का?"

"आधी तपासू तर द्या, सर," नेरेइदा म्हणाली. मला पोरगी तेव्हाच आवडली.

आईनं काढा करून बाटली भरून दिली. काचेच्या बशीत जंतू पसरले होते, त्यावर माझ्या काढ्यात भिजवलेली कागदाची टिकली ठेवली. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती हे एवढं मोठं रिंगण, आत एकही जंतू नाही! वर्गानं टाळ्या वाजवल्या. सर चष्मा पुसत राहिले.

मी मात्र संतापले होते. ते रिंगण माझं नव्हतंच! बाटली भरताना दोन्या क्रेसेन्सियानं घरात उरलेल्या जंतुनाशक गोळ्या कुटून माझ्यात ढवळल्या होत्या. उसन्या दागिन्यांत मिरवायची मला हौस नाही.

नेरेइदाला बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. तशीच ती बाजारात आली.

"आई, यात काय घातलंस?"

"मी? कुठं काय!"

"आई!"

"बरं बाई, घातल्या गोळ्या! माझ्या सालीपायी तू नापास झाली असतीस म्हणजे?"

"परीक्षा सालीची होती. रोज बाजारभर ओरडतेस, आणि तुझाच तिच्यावर विश्वास नाही?"

शेजारची टोमॅटोवाली कान टवकारून बसली होती. दोन्या क्रेसेन्सियानं टोपलीतली जाड साल उचलून मुलीच्या हातात ठेवली. "तूच उकळ. साल हरली तर दुकान बंद करीन."

नेरेइदानं वर्गासमोर पहिला निकाल रद्द केला आणि कारणही सांगितलं. नवा निकाल बघायला आई एप्रनसकट प्रयोगशाळेत आली.

रिंगण पडलं होतं, पण लहान. गोळीच्या रिंगणापुढे तर चिमुकलंच.

"एवढुसंच?" आईचा चेहरा पडला.

"एवढंच. पण तिचं स्वतःचं आहे," नेरेइदा म्हणाली.

मग सरांनी मला एका जांभळ्या पाण्यात सोडलं. शरीराची झीज करणाऱ्या कणांना मी आवरते का, ते त्यात कळतं म्हणे. जांभळं पाणी बघता बघता पिवळं झालं, म्हणजे मी त्यांना आवरलं. या खेपेला सर हसले नाहीत.

दुकान चालू आहे. "सगळं बरं होतं का हो?" असं कुणी विचारलं की दोन्या क्रेसेन्सिया म्हणते, "छे! खरचटलं तर धुवा. ताप चढला तर डॉक्टरकडे पळा." गिऱ्हाईक थोडं घटलंय. घटू दे.

तपासा मला, शंभरदा तपासा. माझी टर उडवा, माझं रिंगण पट्टी लावून मोजा. मी घाबरत नाही. फक्त माझ्या बाटलीत दुसऱ्या कुणाची ताकद ओतू नका.