तीन दिवसांचं पाणी

तुम्ही खोटं बोललात, साहेब. फिजीतल्या सुवा शहरात, तुमच्या त्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं काचेची भांडी धुतली आहेत. कुठल्या बाटलीत काय होतं ते मला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे.

मकेरेता तिथली तंत्रज्ञ. लिंबातलं आम्ल आणि शेतात टाकतात तो युरिया पाण्यात विरघळवायची, पोलादी डब्यात घट्ट बंद करून पाच तास भट्टीत ठेवायची. तपकिरी काढा निघायचा, जांभळ्या दिव्याखाली धरला की निळा चमकायचा. त्यात डोळ्यांना न दिसणारे कार्बनचे कण असतात. पाण्यात पारा असला की त्यांचा उजेड विझतो. मकेरेताच्या बहिणीचं गाव खाणीखालच्या नदीवर आहे. तिची सगळी धडपड त्या पाण्यासाठी.

पण काढ्यात कणांखेरीज दुसरंही बरंच काही चमकतं, आणि ते पाऱ्याला दाद देत नाही. म्हणून ती काढा पातळ पिशवीत बांधून पाण्यात सोडायची; बाकीचं पिशवीतून झिरपून जायचं, कण आत राहायचे. तीन दिवस, सारखं पाणी बदलत. रविवारचं चर्चसुद्धा बुडवायची.

"ताई, किती धुशील? उजेडच वाहून चाललाय," मी म्हणायचो.

"तोमासी, रानातला कडू कंद किसून ओढ्यात किती वेळ ठेवतोस?"

"कडू जाईपर्यंत."

"मधेच काढून खाल्लास तर?"

"घसा धरेल की."

"मग गप बादली भर."

धुतलेला उजेड फिका असायचा. पण खरा.

प्रयोगशाळा बघायला पाहुणे यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही आलात. "हे काय मेलेलं दाखवायचं? न धुतलेली बाटली काढ."

"ती पाऱ्यातही चमकते, सर. विषारी पाण्याला चांगलं म्हणेल."

"मला उजेड दाखवायचाय."

"मग नाताळच्या माळा लावा ना!"

मी मोरीपाशी हसू दाबत खोकलो. तिनं ती बाटली तुमच्यादेखत मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुसऱ्याकडून भट्टी लावून घेतलीत. पाच तासांत काढा, सहाव्या तासाला फोटो. मकेरेताची बदली भांडारात, खोकी रचायला.

त्याच काढ्याच्या कुप्या, सोबत जांभळे दिवे, तुम्ही नदीकाठच्या गावांना वाटल्यात. तिच्या बहिणीनं नदीचं पाणी घातलं, कुपी लखलखली. गाव ते पाणी प्यायला लागलं. शनिवारी मकेरेता बसनं गेली, त्याच पाण्यात तिनं आपल्या जपून ठेवलेल्या, धुतलेल्या काढ्याच्या बाटलीतले चार थेंब टाकले. विझले.

"ओता ते," ती म्हणाली. बहिणीनं भरलेला हंडा अंगणात पालथा केला.

आता दर शनिवारी ती एकेका गावाचं पाणी तपासते. बाटली तळाला आलीय. थेंब टाकताना ती श्वास रोखते.

तुमच्या दालनात तो फोटो टांगलाय, निळाशार. सांगा साहेब, त्या बाटलीचं पाणी किती वेळा बदललं होतं?