फळ्याच्या गळ्यातला हार

मी स्मार्ट फळा बोलतोय. 'स्मार्ट' हे माझं मत नव्हे. माझ्या खोक्यावर तसं छापलेलं होतं. पोटात अख्खा विश्वकोश आहे, तरी कुणी बोट लावलं की धस्स होतं. हे आपल्याला येईल ना?

नवघरच्या एका शाळेत, चौथीच्या वर्गात मला टांगलं आणि वर जुनी चादर घातली. "पोरं ओरखडे काढतील," म्हणे. पुढे संचिताबाई आल्या. त्यांनी चादर काढली, मुलांना बोटांनी चित्रं सरकवून गोष्टी रचायला शिकवलं. तेव्हा कुठे मी माणसात आलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिपाईण विमलाबाईंनी घंटा, खडू, झाडू यांच्याबरोबर माझीही पूजा केली. झेंडूचा भला मोठा हार घातला. मी गहिवरलो.

सुट्टी संपताच तपासणीचे साहेब आले. जे यंत्र चालत नाही ते गोदामात, असा हुकूम होता. राई गावच्या हेमालीने साहेबांना गोष्ट दाखवायला पडद्यावरच्या खाडीत होडी ठेवली. होडी आभाळात गेली. तिने खाली ओढली. ती पुन्हा वर.

"बाई, होडी उडाली!" वर्ग ओरडला.

"उडत न्हाय," हेमाली म्हणाली, "वारा सुटलाय."

"मॅडम, हा गेला कामातून," साहेब म्हणाले. "गोदामात पाठवू."

मला पटलंच. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो.

संचिताबाईंनी वर पाहिलं. पंख्याच्या वाऱ्याने हार डोलत होता, झेंडू माझ्या अंगाला लागत होते. बोट कुठलं आणि झेंडू कुठला, मला कळत नाही. इतकं शिकून हे हाल!

"विमलाबाई, हार काढा."

"पुजेचा हाय, बाई. काढून ठेवू कुठं, जमिनीवर?"

"साहेबांना घाला! त्यांचा सत्कार राहिलाच आहे."

साहेबांची मान आपोआप पुढे झाली. माणसांना ती सवय असते.

होडी पाण्यात उतरली. हेमालीच्या गोष्टीत वारा पडला, जाळं भरलं. हार घातलेल्या माणसाला 'गोदाम' म्हणणं जड जात असावं. साहेबांनी 'उत्तम' लिहिलं, आणि होडी सरकवून बघायला स्वतः वाकले. हार मला लागला. होडी उडाली.

"वारा!" अख्खा वर्ग ओरडला.

"वाराच," साहेब घाईने म्हणाले.

आता मी रोज उघडा असतो. पुढच्या दसऱ्याला मला एकच फूल पुरे, तेही खालच्या कडेला. आणि ती चादर धुवायला गेलीय ना? तिची कुणी आठवण काढू नका.